राहिलेल्या पोरांचे उस्मानभाई

जुबैलमधल्या आमच्या कंपनीत वार्षिक सुट्टीवरून माणसं एकमेकांशी बोलायची बंद व्हायची. ज्याला त्याला सणाला घरी जायचं असायचं, नाहीतर मे महिन्यात, लग्नसराई आणि आंबे गाठून. मी प्लॅनिंगमध्ये असल्यामुळे सुट्ट्यांचा तक्ता माझ्याकडे यायचा आणि त्याबरोबर शिव्याही. या गदारोळात एकच माणूस असा होता की त्याच्या सुट्टीला कधी कुणी हरकत घेतली नाही, कारण तो मागायचा ते दिवस दुसऱ्या कुणाला फुकट दिले तरी नको असायचे. पाऊस सरत आलेला, लग्न नाही, आंबा नाही, सण नाही. अशा भाकड दिवसांत उस्मानभाई सोलकर घरी जायचे. का, तर त्या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या फुटबॉलच्या मॅचेस असायच्या.

"माझी बायको सांगते," ते म्हणायचे, "लोकांचे नवरे सौदीहून घरी येतात, माझा नवरा मैदानावर येतो. घरी फक्त कपडे धुवायला टाकतो."

आमच्या कोकणातल्या लोकांचं सगळं पाणी क्रिकेटच्या मुळाशी जातं. शुक्रवारी सकाळी जुबैलच्या बाहेर मोकळ्या जागेवर टेनिस बॉलचे सामने लागायचे. गावागावांच्या टीम, गावागावांचे टी-शर्ट आणि बाउंड्रीवर बिर्याणीचं भगोणं. मीही त्यातलाच, चिपळूणचा कदम, मधल्या फळीतला फलंदाज आणि भगोण्याजवळचा क्षेत्ररक्षक. उस्मानभाई फक्त भगोण्यापुरते यायचे. जेवून झालं की रुमालाला हात पुसत म्हणायचे, "चला, आता खेळ बगायला जातो," आणि पलीकडे मल्याळी लोकांच्या फुटबॉलच्या मैदानाकडे चालू लागायचे. आमची पोरं चिडायची.

"भाई, हा काय मग खेळ नाय?"

"हाय ना. पण ह्यात पोट सुटलेला पण खेळतो."

हे ते माझ्या पोटाकडे बघून म्हणायचे.

स्वतः ते कसे खेळायचे, हे मी एकदा विचारलं. कॉलेजात गोलकीपर होतो, म्हणाले. दुसरा. दुसरा म्हणजे काय, तर पहिला आजारी पडला तर. "आनि तो हरामखोर कदी आजारी पडला नाय." अख्खं कॉलेज त्यांनी बाकावर बसून काढलं. बाकावर बसलेल्या माणसाने करायचं काय? बघायचं. तिथे त्यांचा डोळा तयार झाला, असं त्यांचं म्हणणं. त्यात कडवटपणा नव्हता. एखादा आपलं शिक्षण कुठे झालं ते सांगतो, तसं ते सांगायचे.

कंपनीत ते ट्रान्सपोर्ट सांभाळायचे. कॅम्पातून प्लँटवर माणसं नेणाऱ्या-आणणाऱ्या बसगाड्या त्यांच्या ताब्यात. उंच, थोडे वाकलेले, डोक्यावर कंपनीची टोपी, एका हातात सूर्यफुलाच्या बिया आणि दुसऱ्या हातात कागदी कप. बियांची टरफलं त्या कपात. जमिनीवर एक टरफल पडू द्यायचे नाहीत आणि बसमध्ये दुसऱ्या कुणी टाकलं तर त्याला उचलायला लावायचे. ड्रायव्हर लोकांना त्यांचा धाक होता. मोठ्याने बोलणं मात्र त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर मॅच बघायला गेलो तेव्हा वैतागून परत आलो होतो. मी बॉल बघत होतो आणि ते मला सारखे कोपराने ढोसत होते.

"बॉलकडं नको बगू रे. बॉल काय पळून जातोय?"

"मग काय बघू?"

"ज्याच्याकडे बॉल नाय त्याला बग. बॉल असला की सगळेच शहाणे दिसतात."

मला त्यात काही दिसलं नाही. हिरव्या शर्टातला एकजण कमरेवर हात ठेवून उभा होता आणि निळ्या शर्टातला एकजण मोजे वर ओढत होता, एवढंच. पण उस्मानभाईंचे डोळे बाजारात मासे निवडणाऱ्या बाईसारखे एकेका पोरावरून फिरत होते आणि मध्येच ते स्वतःशी "हं" म्हणायचे. ते "हं" कुणाला मिळालं ते कळायला मला पुढे फार वेळ लागला.

त्या डोळ्याची पहिली करामत कंपनीला दिसली ती बसमुळे. अन्वर नावाचा एक बिहारी हेल्पर रोज सकाळी उशीर करायचा. ड्रायव्हर म्हणाला, एक दिवस टाकून जातो त्याला, म्हणजे शिकेल. उस्मानभाई म्हणाले, टाकून जाऊ नको, तो दारातून बाहेर आला की गाडी हळूहळू हलव. ड्रायव्हरला वाटलं ही शिक्षा. काही दिवस ही शिक्षा चालली आणि एका सकाळी उस्मानभाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. अन्वर हातात डबा घेऊन, बुटाची नाडी सुटलेली, उभ्या गाड्यांच्या गर्दीतून धावत येत होता. "बग, बग. तो आपल्या बसकडं बगतच नाय. दोन बसमधली फट बगतो. फट बंद व्हायच्या आधी निघतो." अन्वर दारात लटकला, धापा टाकत पुटपुटत शिव्या देत होता.

"जुम्मे को क्या करता है?" उस्मानभाईंनी विचारलं.

"सोता हूँ।"

"अब नहीं सोएगा।"

अन्वरने तोवर फुटबॉलचे बूट पायात घातले नव्हते. त्या हिवाळ्यात कंत्राटदार कंपन्यांच्या स्पर्धेत आमच्या टीमने पहिल्यांदा कप आणला, उजवीकडून अन्वर धावला म्हणून. आमचे मुदीर, म्हणजे कंपनीचे मोठे साहेब, फुटबॉलवेडे होते. त्यांनी उस्मानभाईंना सगळ्यांसमोर मिठी मारली आणि म्हणाले, हा माणूस बसमधून खेळाडू काढतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात बोलावून सांगितलं, दर वर्षी हेल्परचे काही व्हिसे मी तुझ्या शब्दावर देईन, तुझ्या मुलखातून खेळणारी पोरं आण.

उस्मानभाई त्या दिवशी जमिनीपासून वीतभर वर चालत होते. आयुष्यभर ते मैदानाच्या कडेला उभं राहून बघत आले होते, पण त्यांच्या बघण्याला कुणी काही विचारलं नव्हतं. युनिव्हर्सिटीचे निवडणारे येतात, एखादी मॅच बघतात, गोल मारणारे दोघं-तिघं उचलतात आणि निघून जातात. मोठे क्लब पुढे त्यांच्यातूनच घेतात. बाकीची पोरं कुणी रिक्षा चालवतो, कुणी मोबाइलच्या दुकानात बसतो. "निवडलेल्याला सगळे बगतात कदम," ते म्हणायचे, "राहिलेल्याला कोण बगतो?" आता त्यांच्या हातात काहीतरी देण्यासारखं होतं. दोन वर्षांत त्यांनी आपल्या भागातून काही पोरं आणली, एकापेक्षा एक. ती दिवसा पाईप उचलायची आणि शुक्रवारी खेळायची. गावाकडे लोक म्हणायचे, उस्मानभाईंनी पोरांचं कल्याण केलं. उस्मानभाईंनाही तसं वाटायचं आणि मलाही. त्यात काही खटकण्यासारखं आहे हे आमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मग तौफिक दिसला.

त्या वर्षी आई आजारी होती म्हणून मीही त्याच दिवसांत घरी होतो. उस्मानभाई एके सकाळी गाडी घेऊन दारात. "चल, तुझ्या पोटाला वारा लागू दे." एका कॉलेजचं लाल मातीचं मैदान, एका बाजूला उतार, उताराला गाई. मॅच सुरू झाली आणि मी जुन्या सवयीने बॉल बघत बसलो. तेवढ्यात कोपर आलं. बॉल पार पलीकडच्या कोपऱ्यात होता, सगळी पोरं तिकडे धावत होती आणि आमच्या समोर डाव्या बाजूचा एक बुटका पोरगा शांतपणे मागे मागे चालला होता. कुणी हाक मारल्यावर माणूस वळतो तसा वळला, थांबला, आणि बॉल हवेतून येऊन त्याच्या पायाशी पडला. तो जराही चकित झाला नाही. मीच झालो.

"हं," उस्मानभाई म्हणाले.

मॅच संपल्यावर ते निवडणाऱ्या सरांकडे गेले. सर पांढरी टोपी काढून घाम पुसत होते.

"सर, तो डावा बॅक."

"बुटका आहे हो. आणि गोल कुठे मारला त्याने?"

"होऊ दिला नाय ना एक पण."

सर हसले आणि त्यांनी उस्मानभाईंच्या पाठीवर थाप मारली. एवढंच झालं. पोरगा एका दगडावर बसून बूट सोडत होता. उस्मानभाई त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"बॉल तिकडे होता. तू मागं का गेलास?"

पोरगा लाजला. "माहीत नाय चाचा. तिथं येईल असं वाटलं."

परत येताना घाट उतरल्यावर उस्मानभाई म्हणाले, "हा पगारावर खेळेल. आपल्या भागातला कोण आजपर्यंत नाय खेळला. हा खेळेल." इतक्या हळू म्हणाले, की गाडीत तिसरा कुणी असता तर त्याला ऐकू गेलं नसतं.

गोव्यातल्या एका क्लबचा कोच त्यांच्या ओळखीचा होता. त्याला त्यांनी तौफिकच्या खेळाचे व्हिडिओ पाठवले, दहा वेळा फोन केले. कोच म्हणाला, सीझनच्या आधी ट्रायलला बोलावतो, बघू. या "बघू"मुळे घोटाळा झाला. उस्मानभाईंनी ट्रायलची वाट बघता बघता तौफिकचं नाव त्या वर्षीच्या व्हिसामध्येही घालून ठेवलं. "तोवर हातात काहीतरी असू दे." आमच्याकडचा कुणीही हेच करेल. ऊन असलं तरी छत्री घेऊन निघावं, तसा व्हिसा करून ठेवायचा, लागला तर लागला. सौदीचा व्हिसा कधी वेळेवर येत नाही. त्या वर्षी तो लवकर आला.

आणि कोकणात घरात व्हिसा आला म्हणजे काय होतं, हे बाहेरच्याला सांगून समजायचं नाही. ते आमंत्रण असतं, ते नाकारणं म्हणजे वाढलेल्या ताटाला लाथ. गोव्याहून बोलावणं आलं तेव्हा तौफिकचं मेडिकल झालं होतं, पासपोर्टवर शिक्का बसला होता, फक्त तिकीट बाकी होतं. उस्मानभाई तोवर जुबैलला परतले होते. त्यांनी कॅम्पातल्या खोलीत माझ्यासमोर तौफिकच्या बापाला फोन लावला, स्पीकरवर.

"युसुफभाई, पोराला इकडे पाठवू नका. गोव्याला पाठवा. ट्रायलला बोलावलंय."

"पगार किती देतील?"

"आदी ट्रायल. घेतला तर पगार."

"घेतला तर." युसुफभाई म्हणाले. "उस्मानभाई, पेढे वाटून झाले. पोरीच्या सासरी सांगून झालं. आनि आता तुमी सांगता त्याला बॉल खेळायला पाठवा?"

"मी सांगतो ना, तो खेळेल. मी बगितलाय."

"व्हिसा तुमीच दिलात ना? आमी मागितला नव्हता."

मग युसुफभाईंचा आवाज खाली आला, अगदी जवळच्या माणसाशी बोलावं तसा. "खरं सांगा मला. माझ्या पोराचा व्हिसा कुणाला द्यायचाय? तुमच्या जावयाला?"

उस्मानभाईंनी फोन गादीवर उलटा ठेवला. माणसावर चोरीचा आळ आला तर तो ओरडतो, शपथा घेतो. यांनी काहीच केलं नाही. बियांच्या पुडीची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

मी म्हणालो, "मुदीरना सांगून व्हिसा रद्द करा. प्रश्नच मिटला."

"आनि गोव्यात घेतला नाय तर? बाप आयुष्यभर शिव्या देईल. पोरगा पण देईल."

"तुम्हीच म्हणालात ना, खेळेल म्हणून?"

"म्हणालो," ते म्हणाले आणि उठून बाहेर गेले. इतकी वर्षं ज्या डोळ्यावर ते उभे होते त्याच्यावर त्यांना त्या दिवशी पुरता भरवसा ठेवता आला नाही. मला त्यांचा राग आला होता. आज येत नाही. दुसऱ्याच्या पोराच्या भाकरीवर पैज लावायची म्हणजे छाती लागते, आणि ती माझ्यातही नाही.

तौफिक आला. गोड पोरगा. उशीर नाही, भांडण नाही, कुणी काही सांगितलं की "हां चाचा". स्कॅफोल्डिंगच्या, म्हणजे परांच्या बांधणाऱ्या गँगमध्ये लागला. शुक्रवारी खेळायचा आणि त्याच्या बाजूने दुसऱ्या टीमचा एक माणूस पुढे जायचा नाही. आम्ही कपावर कप जिंकलो. मुदीरनी त्याला घड्याळ दिलं. पण शटडाउन लागला, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लँट बंद ठेवला, की बारा बारा तास काम, आणि शटडाउन संपला की दुसऱ्या प्लँटचा शटडाउन. खांद्यावर लोखंडी पाईप, पायात लोखंडी टोकाचे जड बूट, आणि उन्हाळ्यात ते ऊन. बसमधून उतरताना तौफिक कठड्याला धरून उतरू लागला, हे मलाही दिसलं, म्हणजे उस्मानभाईंना किती आधी दिसलं असेल.

त्याच काळात सौदीत फुटबॉलचं वारं सुटलं. जगातले मोठमोठे खेळाडू इथल्या क्लबांकडून खेळायला येऊ लागले. कॅम्पाच्या मेसमध्ये टीव्हीसमोर पोरं ताटं घेऊन बसायची, तौफिक सगळ्यांत पुढे. तो टीव्हीतल्या डाव्या बॅकला ओरडून सांगायचा, मागे ये, मागे ये. आणि बॉल नेमका मागेच जायचा. पोरं हसायची, "ह्याला घ्या रे कुणीतरी." तोही हसायचा.

एका स्पर्धेच्या फायनलला पाहुण्यांबरोबर एक ट्युनिशियन कोच आला होता. तिथल्या कुठल्याशा क्लबात तरुण पोरांना शिकवायचा. खुर्ची सोडून तो आमच्या बाजूला, गोलच्या मागे येऊन उभा राहिला. मी पाहिलं तर दोघांच्या माना बॉलच्या उलट्या दिशेला. दोन माणसं, एक भाषा नाही, पण बघतायत एकालाच. शेवटी त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं, तो डावीकडचा कोण? आधी कुठे खेळायचा? उस्मानभाई म्हणाले, कॉलेजात. आणि आता? स्कॅफोल्डिंग.

कोच बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, हा दोन वर्षांपूर्वी भेटला असता तर मी याला सोडला नसता. बॉल कुठे येणार ते याला अजून सगळ्यांच्या आधी कळतं. पण आता पोचत नाही. पाय गेले. त्याने उस्मानभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "खलास." माणूस चांगला होता, मनापासून वाईट वाटून बोलला.

परतीच्या बसमध्ये मागे पोरं नाचत होती आणि तौफिक मांडीवर कप घेऊन गात होता. उस्मानभाई माझ्या शेजारी बसले होते. "कदम, माझं बरोबर होतं," ते म्हणाले. "त्याला पण दिसलं. माझं बरोबर होतं." त्यांचा चेहरा पहिला नंबर आलेल्या मुलासारखा उजळला होता. आपण काय बोलतोय ते त्यांना कळायला पुढचा सिग्नल यावा लागला. त्यानंतर ते उठून ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि कॅम्प येईपर्यंत मागे वळले नाहीत.

त्यानंतर त्यांनी मुदीरना सांगून टाकलं, आमच्या गावात आता खेळणारी पोरं उरली नाहीत. मुदीर हिरमुसले, पण मग त्यांनी केरळकडे मोर्चा वळवला. पुढच्या वर्षी सुट्टीच्या तक्त्यात उस्मानभाईंनी मे महिना मागितला. मी दोनदा विचारून खात्री केली. "बायको म्हणते, आंबे खायला या एकदा," ते म्हणाले. मी दिला. त्यावरून मे मागणारे दुसरे दोघं माझ्याशी बोलायचे बंद झाले.

आता गोष्ट तौफिकच्या धाकट्या भावाची. सलीम. युसुफभाईंनी एक दिवस त्याच्या कॉलेजच्या मॅचचा व्हिडिओ उस्मानभाईंना पाठवला. व्हिडिओखाली आवाजी निरोप, "धाकटा आहे. बगून घ्या. व्हिसाचं लक्षात असू द्या." उस्मानभाई तो व्हिडिओ बसच्या पार्किंगमध्ये बघायचे, जेवताना बघायचे, मी आलो की फोन खिशात टाकायचे. मी विचारलं, कसा आहे? तोंडून "हं"सुद्धा निघालं नाही.

मग त्या पोराचाच फोन आला. मी शेजारीच होतो.

"चाचा, युनिव्हर्सिटीत घेतलं नाय मला. मी पुढे खेळू ना? सर म्हणतात सोड. तुमी सांगाल तसं करतो."

उस्मानभाईंनी डोळे मिटले. "नाय रे बाळा," ते म्हणाले. "कॉलेजापुरता ठीक हायेस. पोट भरेल असा खेळ नाय तुझा."

"बरं चाचा."

फोन बंद झाल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडलो. तुमच्या तोंडावर दिसतंय, खोटं बोललात. त्याला गोव्याला का नाही धाडत? म्हणाले, गोव्याचा कोच आता माझा फोन घेत नाय, तौफिकची जागा त्याने ठेवली होती. "आनि चांगला म्हणालो तर बाप उद्या व्हिसा मागेल. मी नाय दिला तर दुसरा कोण देईल, फुटबॉलवाला पोरगा म्हणून. नाय म्हणालो तर तिकडं कॉलेज तरी पुरं करेल."

"पण त्याने खेळणंच सोडलं तर?"

"ज्याला खेळायचंय तो असा ऐकत नाय रे. रागावेल. म्हणेल, हा म्हातारा कोण मला सांगणारा? मला शिव्या देईल आनि खेळेल." हे सांगताना त्यांच्या आवाजात आशा होती. एका पोराच्या रागावर त्यांनी सगळं सोपवलं होतं.

सलीम रागावला नाही. तो तौफिकचाच भाऊ, आज्ञाधारक. उस्मानभाई सोलकर नाही म्हणतात म्हणजे विषय संपला, असं युसुफभाईंनी घरात जाहीर केलं. बूट कुणाला तरी देऊन टाकले. कॉलेजही अर्धवट राहिलं. वर्षाच्या आत एका एजंटाने दुसऱ्या कंपनीचा व्हिसा मिळवून दिला आणि सलीम जुबैलला आला.

माझी तेव्हा रियाधच्या ऑफिसात बदली झाली होती, तिथल्या ओलाया भागातल्या काचेच्या इमारतीत. जायच्या आधीच्या शुक्रवारी मी उस्मानभाईंचा निरोप घ्यायला त्यांच्या खोलीवर गेलो होतो. दुपारचं जेवून ते लवंडले होते. दार वाजलं. तौफिक, आता चांगला जाडजूड झालेला, आणि त्याच्या मागे त्याच्यासारखाच पण उंच, सडपातळ पोरगा.

"चाचा, हा सलीम. परवा आला. फोर्कलिफ्टवर लागला."

पोराच्या हातात पिशवी होती. चाचींनी, म्हणजे उस्मानभाईंच्या बायकोने, सोडे पाठवले होते. त्याने अदबीने सलाम केला, कॉटच्या कडेवर टेकला, खोली बघितली. इकडच्या उन्हाबद्दल बोलला, कंपनीची मेस बरी आहे म्हणाला. उस्मानभाई त्याला काहीबाही विचारत होते. नजर मात्र पिशवीवर.

मग सलीम म्हणाला, "चाचा, एक सांगायचं होतं. तुमी तेव्हा खरं सांगितलंत ते बरं झालं. बाकीचे सगळे म्हणायचे, चांगला खेळतोस. त्यांच्या नादाला लागलो असतो तर दोन-तीन वर्षं फुकट गेली असती माझी." आणि तो हसला. मनापासून, आभार मानावेत तसा. तौफिकनेही मान हलवली.

"बसा," उस्मानभाई म्हणाले, "चहा करतो," आणि बाहेर गेले.

आम्ही तिघं बसून राहिलो. पोरं मला रियाधबद्दल विचारत होती, तिथल्या बत्ह्याच्या बाजारात आपली माणसं भेटतात का वगैरे. बराच वेळ झाला, चहा येईना. मी उठून कॉरिडॉरच्या टोकाच्या किचनमध्ये गेलो.

उस्मानभाई ओट्यासमोर उभे होते. पातेल्यात पाणी, पाण्यात पावडर पडलेली, गॅस पेटवलेला नव्हता. हातात लायटर. मी आल्याचं त्यांना कळलं असावं, पण ते वळले नाहीत.

"बॉलवर दोन्ही पाय सारखेच चालतात रे त्याचे," ते म्हणाले. "दोन्ही."

पलीकडच्या खोलीतून दोघा भावांच्या हसण्याचा आवाज येत होता. उस्मानभाईंनी गॅस पेटवला, पातेलं नीट मधोमध सरकवलं.

"तू जा," ते म्हणाले, "त्यांच्याजवळ बस. मी आणतो चहा."